साडेसहा

मंगळवारी तालमीनंतर, मार्सडनच्या बँड हॉलमध्ये,
केनेथने शॉर्टब्रेडचा डबा टेबलावर पालथा केला.
अकरा माउथपीस.
चमचे सांडल्यासारखा आवाज झाला.
"लावून बघ," म्हणाला, "ओठ सांगतील."

ओठ काही सांगेनात.
बारा तासांची शिफ्ट करून आले होते ते,
मास्कखाली दिवसभर
"जरा दुखेल हं" एवढंच म्हणत.

इथे आकड्यांचा कारभार उलटा:
आकडा लहान, तर वाटी मोठी.
बारा नंबर म्हणजे चटणीची वाटी,
पाचात आमटी मावेल.
बारानं वरचा सूर चटकन दिला,
पण पत्र्याचा,
शेजारून आणलेल्या साखरेसारखा,
परत करावा लागणार हे आतून ठाऊक असलेला.
पाचानं खाली अख्खं धरण दिलं.
वर नुसती वाफ.

मार्चच्या शेवटच्या पानावर बी फ्लॅट आहे, वरचा.
चार ठोके धरायचा.
तीन आठवडे मी त्याच्याशी भांडतेय,
माउथपीस ओठांवर रोवून, मान आवळून.
रात्री आरशात तोंडावर गोल वळ,
पार्सलवर पोस्टाचा शिक्का असावा तसा;
आणि पार्सल काही पोचत नाही.

केनेथचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत.
तरुणपणी गिरणीत लोकर रंगवायचा.
म्हणाला, "दाबून कुणी वर जात नाही, पोरी.
खाली जा आधी. पार तळाला.
तिथे रोज दहा मिनिटं बस.
वरचं आपोआप सैल होतं."

मला हसू आलं.
म्हटलं, "आमच्याकडे गाणारे पहाटे हेच करतात.
खर्ज म्हणतात त्याला."
त्याने शब्द जिभेवर फिरवून पाहिला: "कर्ज?"

आता काय सांगू?
तेही खोटं नव्हतं.
वर जे उचलायचं,
ते खाली बसून आधी फेडायचं.

बार्शीला माझे बाबा ट्रॉम्बोन वाजवायचे,
वरातीच्या बँडमध्ये, मागच्या ओळीत,
खांद्यावर झालर, पायात स्लीपर.
त्यांच्याकडे माउथपीस एकच.
चांदी केव्हाच उडालेली, पितळ उघडं,
कडेला ओठ कापणारी एक खाच.
डिसेंबरच्या लग्नात ते
मुठीत धरून ऊन करायचे, मग लावायचे.
कुठली वाटी हवी, असं त्यांना
कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.
नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणावं,
तर अंगण दुसऱ्याचं
आणि नाचणारेही दुसरेच.
बाबा वाजवायचे.
शेवटच्या पंगतीला जेवायचे,
जे उरलं असेल ते, सुजल्या ओठांनी.

वरचा सूर ते कसा काढत,
हे मी विचारलं नाही.
शाळेतल्या मैत्रिणी दिसल्या
की मी रस्ता बदलायचे.

अकरामधून मी साडेसहा उचलला.
कारण सांगता येणार नाही.
कड जरा बोथट होती,
आणि केनेथने डबा बंद करायला घेतला होता.

आता हॉस्पिटलला जाताना गाडीत
नुसता माउथपीस तोंडाला लावून भुणभुणते.
सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधला माणूस
माझ्याकडे बघून काच वर करतो.
खाली, खाली, आणखी खाली;
कालव्याच्या फाटकातून पाणी उतरतं तसं,
मग सावकाश वर.
ओठ हलकेच टेकलेले,
जणू चहा गरम आहे का ते बघतेय.

काल पार्किंगमध्ये, पावणेसातला,
हिवाळी थंडी मे महिन्यात,
मी साडेसहा मुठीत धरून ऊन केला.
मुठीकडे बघत थोडा वेळ तशीच बसले.
मग डिकीतून ट्रॉम्बोन काढला.

बी फ्लॅट आला.
चारपैकी अडीच ठोके.

शुक्रवारी संध्याकाळी गावोगाव मिरवायचंय,
बसमधून उतरायचं, वाजवायचं, परत चढायचं.
उरलेला दीड कॉर्नेटवाले झाकतील,
केनेथ म्हणतो,
बँड असतो तो त्यासाठीच.